चित्र काढून घेतल्यावर

दिवसभर जमिनीला कान लावणाऱ्या माणसाने घरी जाताना पुन्हा कानात काहीतरी खुपसावे, हे तिच्या खात्यातल्या जुन्या लोकांना विचित्र वाटे; सुट्टीच्या दिवशी विरंगुळा म्हणून रफू करत बसणाऱ्या शिंप्यासारखे. पण ऐकण्याची सवय एकदा अंगात भिनली की ती कामाच्या वेळा पाळत नाही.

रस्त्याखालच्या नळांतून पाणी कुठे गळते आहे ते शोधणे, हे तिचे काम. हातात खांद्याइतक्या उंचीची पोलादी सळई आणि सळईच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. लोखंडी झाकण उघडायचे, सळईचे टोक खालच्या व्हॉल्व्हवर टेकवायचे, वाटीला कान लावायचा आणि थांबायचे. धडधाकट नळ गुणगुणतो. गळणारा नळ फुंकर घालतो, दुखऱ्या जागेवर कोणी घालावी तशी, न थांबता. शहर अजून आळस देत असे तेव्हा, सकाळी लवकर, तिचे काम सुरू होई आणि दहा वाजता गाड्यांचा गोंगाट वाढला की मंदावे. खात्यात तिला सगळे ‘डॉक्टरीण’ म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने.

एका व्हॉल्व्हपासून दुसऱ्यापर्यंत बरेच चालावे लागे. दिवसाकाठी आठ-दहा किलोमीटर सहज. त्या चालण्यात ती वाद्यवृंद ऐके. तिचे वडील एकतीस वर्षे ज्या हौशी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत होते, तोच.

कार्यक्रमांचे व्हिडिओ तीच घेई. पण दोन तासांचा व्हिडिओ खिशात घालून चालता येत नाही. पडदा पेटता ठेवावा लागतो, बॅटरी दुपारच्या आत मान टाकते, आणि चुकून अंगठा लागला की मध्येच कुठल्या कुठे उडी. म्हणून ती घरी संगणकावर व्हिडिओतला आवाज तेवढा वेगळा काढून घेई. फाइल उघडायची, ‘चित्र नको’ या चौकटीत खूण करायची, आवाज स्वच्छ करण्याच्या चौकटीतही खूण करायची, म्हणजे सभागृहातल्या पंख्यांची घरघर जाते, आणि बटण दाबायचे. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत जाई. दिवे, काळे कोट, घामेजलेली कपाळे, पहिल्या रांगेतली टकले, सारे तिथेच मागे राही. आणि उरे ते फक्त चालत्या माणसाच्या खिशात मावेल एवढे. त्या पट्टीकडे बघताना तिला दर वेळी वाटे, शरीराचे ओझे उतरवून ठेवणे याहून सोपे कधी असेल का?

यथावकाश वाद्यवृंदालाही याचा सुगावा लागला. वसंतात वाजवलेली एक संथ रचना आता सहा आठवड्यांनी पुन्हा वाजवायची होती, या वेळी मोठ्या सभागृहात. वाद्यवृंदाच्या संचालिकेचा निरोप आला. ही बाई शाळेत गणित शिकवायची, वेळेच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिच्या माघारी सगळे तिला ‘घड्याळबाई’ म्हणत. निरोपात लिहिले होते: ‘शुक्रवारपर्यंत सगळ्यांना वसंतातल्या कार्यक्रमाचा आवाज पाठव. बसमध्ये, चालताना, भांडी घासताना प्रत्येकाने आपापल्या चुका ऐकाव्यात. व्हिडिओ नको. व्हिडिओत लोक स्वतःचे केस बघतात.’ आणि खाली आणखी एक ओळ: ‘तसाही तुझा व्हिडिओ कार्यक्रमाचा नसतो, तुझ्या बाबांच्या लग्नाचा असतो.’

यात खोटे काही नव्हते. दुसऱ्या व्हायोलिनांच्या, म्हणजे पहिल्यांना साथ करणाऱ्या गटाच्या, शेवटच्या जोडीत बाबा बसत. दोघांत मिळून एक स्टँड, एकच स्वरलिपी. तिचा फोन त्यांच्यापासून चार हातांवर, छोट्या तिपाईवर असे. मग चित्रात बाबांचा खांदा डोंगराएवढा आणि बाकीचा वाद्यवृंद पायथ्याच्या गावासारखा.

मंगळवारी सकाळी ती नवी फाइल खिशात घालून निघाली. एका शाळेच्या भिंतीशी पहिला व्हॉल्व्ह तपासला. नळ ठणठणीत होता. इअरफोन कानात घालून ती पुढच्या चौकाकडे चालू लागली, आणि त्या संथ रचनेचा मधला भाग आला. तिथे सारी वाद्ये गप्प होतात आणि फक्त दुसरी व्हायोलिने, एकटीच, आठ ओळी बोलतात. फोन त्यांच्या इतका जवळ होता की स्टँडवरचे पान सळसळलेलेही ऐकू येत होते.

ती थांबली. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी बडवली आणि जाता जाता, “ताई, रस्ता तुमचाच, पण थोडा आमचाही!” असे ओरडून गेला.

फोनच्या जवळ एकच व्हायोलिन होते.

लांब, पुढच्या जोड्यांतली व्हायोलिने होती. ती एकमेकांत मिसळलेली. पण जवळ, जिथे दोन असायला हवी होती, तिथे एकच. घाईचे, जाड, दर ओळीच्या शेवटी जरा पुढे पळणारे. ते बाबांचे नव्हते.

आवाज काढताना काहीतरी बिघडले, हा तिचा पहिला विचार. डाव्या-उजव्या बाजू एक करताना एखादी गळाली असेल. संध्याकाळी घरी येऊन तिने सारे पुन्हा केले. एकदा दोन्ही बाजू वेगळ्या ठेवून, एकदा नुसती डावी, एकदा नुसती उजवी. एकच व्हायोलिन. शेवटी तिने मूळ व्हिडिओच लावला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती पाहा दोन! बाबांचा गज वर जातोय, खाली येतोय, शेजारच्याच्या गजाबरोबर, तसूभरही मागेपुढे नाही. दोघांचे दोन आवाज स्वच्छ ऐकू येत होते.

तिने डोळे मिटले. एक उरले.

डोळे उघडले. पुन्हा दोन झाली.

असे तिने किती वेळा केले कोण जाणे. कानाला स्वतःचे मत नसते, तो डोळ्यांच्या मागोमाग चालतो, हे तिने कामावर नव्या लोकांना किती वेळा सांगितले होते. ओल दिसली की तिथेच गळती ऐकू येते, म्हणून आधी डोळे मिटा, मग सळई टेका. आणि इतकी वर्षे ती स्वतः बापाचा खांदा बघत बसली होती, त्याचे वाजवणे ऐकते आहे अशा समजुतीत.

मग ती मागे मागे गेली. जुने कार्यक्रम एकेक करून उघडले, चित्र काढून टाकले. चार वर्षांपूर्वीच्या फाइलमध्ये बाबा होते. त्यांचा सूर ओळखायला कष्ट नव्हते. अंधाऱ्या जिन्यात पायाने पुढची पायरी चाचपावी तसे ते प्रत्येक सुराला किंचित खालून भिडत, आणि भिडल्यावर निश्चिंत होत. तीन वर्षांपूर्वी होते. मग एका हिवाळी कार्यक्रमात पूर्वार्धात होते आणि मध्यंतरानंतर नव्हते. त्यानंतर कुठेच नव्हते. फाइलींच्या यादीत ती तारीख इतकी साधी दिसत होती की तिला त्या साधेपणाचा राग आला. त्या संध्याकाळी गाडीत बाबा डावा हात मांडीखाली घालून बसले होते. “हीटर वाढव गं जरा,” म्हणाले होते. तिने वाढवला होता.

प्रश्न आता साधा आणि भयंकर होता. ही फाइल पाठवली तर अठ्ठावीस जणांच्या अठ्ठावीस जोड कानांना जे कळायचे ते कळणार. घड्याळबाईचा नियम सगळ्यांना पाठ होता: जो वाजवत नाही तो बसत नाही. तीन तालमी चुकवणाऱ्या ट्रंपेटवाल्याला तिने कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घरी बसवले होते. आणि बाबांचा आठवडा गुरुवारच्या तालमीपाशी सुरू होऊन गुरुवारच्या तालमीपाशीच संपत असे. मधले सहा दिवस म्हणजे कोट झटकणे.

तिच्या मनात एक वेडी युक्ती आली. चार वर्षांपूर्वीही हीच रचना वाजवली होती. त्यातल्या त्या आठ ओळी कापून इथे चिकटवल्या तर? वीस-पंचवीस मिनिटे ती त्या उद्योगात होती. पण तेव्हाची लय अधिक सावकाश होती. जुने बाबा नव्या वाद्यवृंदाच्या मागून येत राहिले, गर्दीत हात सुटलेल्या माणसासारखे. हयात माणसाची सही आपण गिरवतो आहोत, हे लक्षात येऊन तिने ते सारे पुसून टाकले.

बुधवारी दुपारी काम संपवून ती बाबांच्या जोडीदाराच्या दुकानात गेली. हे कुलूपवाले काका. त्यांचे दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट. आत उभे राहायला एकाच गिऱ्हाइकाला जागा, आणि भिंतीवर छतापर्यंत किल्ल्या, सगळ्या अजून दात न फुटलेल्या.

“किल्ली हरवली की नवरा?” काकांनी मान वर न करता विचारले.

“नवऱ्याला अजून शोधायचंय. काका, बाबा वाजवत नाहीत.”

काकांनी हातातली कोरी किल्ली यंत्रात अडकवली आणि यंत्र सुरू केले. पितळ किंचाळू लागले. त्या किंचाळण्यात काकांचे ओठ हलले.

“काय म्हणालात?”

यंत्र थांबले. “म्हटलं, ही पितळेची आहे.”

“काका.”

“ऐकतोय.”

“दोन वर्षं?”

“एक वर्ष अकरा महिने.” त्यांनी किल्लीवरचा कीस फुंकून उडवला. “मध्यंतरात म्हणाला, शेवटची दोन बोटं तारेवर बसत नाहीयेत, आज तू वाजव, मी नुसता गज फिरवतो, पुढच्या वेळी बघू. मग पुढच्या वेळी पुन्हा पुढचीच वेळ आली. गज तारेच्या केसभर वर धरतो तो. केसभर! तेवढं जमायला वाजवण्यापेक्षा जास्त कसब लागतं, सांगून ठेवतो.”

“तुम्ही मला सांगायचं तरी.”

“तुला सांगायचं म्हणजे त्याच्या घरात त्याला न विचारता शिरायचं. तो माझा धंदा आहे, कबूल. पण पाहुणा म्हणून मी तसलं करत नाही.” मग जरा आवाज उतरवून ते म्हणाले, “दोघांचं एकट्याने वाजवतो मी. माझा खांदा बघ. निकामी झालाय.”

“मग कशाला चालवून घेतलंत?”

काकांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. “त्याच्याशिवाय मला शिरता येत नाही. मला मोजता येत नाही गं. चाळीस-चाळीस मात्रा गप्प बसायचं आणि मग बरोबर जागी सुरुवात करायची; मी तेराव्या मात्रेला गिऱ्हाइकाच्या कुलपात हरवतो. तो मोजतो. वेळ आली की नाकाने एक श्वास घेतो. त्या श्वासावर मी शिरतो, माझ्यावर पुढची जोडी शिरते. एकतीस वर्षं असंच चाललंय. तुझ्या फोनमध्ये असेल तो. एवढा जवळ ठेवतेस.”

“नाहीये.”

“असणार.”

“मी काढून टाकला,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ करायच्या चौकटीत तिने नेहमीप्रमाणे खूण केली होती. पंख्यांची घरघर, खुर्च्यांची करकर आणि बाबांचा श्वास, संगणकाने तिन्ही एकाच केराच्या टोपलीत टाकले होते.

बाबांच्या घरी जायच्या आधी, बसथांब्यावर बसून, तिने फोनवरच मूळ व्हिडिओ लावला आणि पडदा छातीशी पालथा धरला. श्वास होता. प्रत्येक सुरुवातीच्या आधी. लहान, कोरडा, वेळेवर.

“आलात डॉक्टरीणबाई?” बाबांनी दार उघडले. “कुठे काय गळतंय आज?”

ते नकाशे काढणाऱ्या कचेरीतून निवृत्त झाले होते. टेबलावर अजूनही पेन्सिली टोकाच्या जाडीप्रमाणे लावून ठेवलेल्या असत. अंगात चेनचे जाकीट होते. बटणांचे सदरे हल्ली ते घालत नाहीत, हे तिच्या आज लक्षात आले, आणि त्यामागचे कारणही. माणसाच्या अंगावर सगळे लिहिलेले असते, आणि आपण मात्र चहा घेणार का म्हणून विचारत असतो.

तिला गोल गोल बोलणे जमले नाही. तिने मोठा हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला, रचनेचा मधला भाग लावला आणि समोर बसली. बाबांनी डोळे मिटले. आठ ओळी म्हणजे मिनिटभराचा मामला. त्यांचा डावा हात टेबलावर होता. त्यातली अंगठ्याजवळची दोन बोटे हलू लागली, उरलेली दोन झोपेत पडल्यासारखी पडून राहिली.

हेडफोन काढून त्यांनी तो टेबलाच्या कडेशी समांतर ठेवला.

“छान आहे. कुलूपवाला जरा पळतो.”

“बाबा.”

“व्हिडिओत मी बरा दिसतो, नाही?”

तिने फोन पालथा ठेवला.

“मला वाटलं होतं, तू पहिल्याच महिन्यात पकडशील,” बाबा म्हणाले. “जमिनीखालचं पाणी ऐकतेस. बाप तर खुर्चीवर बसला होता, चार हातांवर.”

यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते बोलणे खोल गेले. ती उठून पाणी प्यायली. मग परत येऊन तिने मूळ आवाज लावला आणि म्हणाली, “हे ऐका. आता नीट ऐका. हा तुमचा श्वास. काका म्हणतात, सगळी रांग यावर शिरते.”

बाबांनी ऐकले. दोनदा ऐकले.

“श्वास तर सगळेच घेतात गं,” ते म्हणाले. “त्यासाठी काळा कोट कशाला चढवायचा?”

“मी पाठवत नाही ही फाइल. बिघडली म्हणून सांगते.”

“खोटं बोलशील?”

“बोलेन.”

“राहू दे. एका घरात एक खोटारडा पुरे.” त्यांनी एक पेन्सिल उचलली, तिचे टोक तपासले, पुन्हा ठेवली. “पाठव. जशी आहे तशी.”

“बाई काढून टाकतील.”

“टाकू दे. काढून टाकायला तरी आधी कोणीतरी ऐकावं लागेल.”

शुक्रवारी सकाळी कामावर निघताना तिने फाइल पाठवली. या वेळी दुसऱ्या चौकटीत खूण केली नाही. पंखे, खुर्च्या, श्वास, सारे तसेच ठेवले. त्या दिवशी तिने एक गळती चुकवली. दुसऱ्या पाळीवाल्याला ती सापडली आणि तो दिवसभर तिला “डॉक्टरीणबाई, रजा घ्या” म्हणून चिडवत राहिला.

दुपारपासून उत्तरे येऊ लागली. ती प्रत्येक निरोप उघडण्याआधी फोन क्षणभर मुठीत दाबून धरी.

बासरीवाल्याने लिहिले: ‘माझा वरचा सूर चढा लागतोय. इतके दिवस कोणी बोललं का नाही?’ चेलो वाजवणारीने लिहिले: ‘माझी खुर्ची करकरते, दुसरी मिळेल का?’ ढोलवाल्याने लिहिले: ‘मी कुठेच ऐकू येत नाही. फोन कुठे ठेवला होतास?’ पहिल्या व्हायोलिनांतले दोघे एकमेकांवर उखडले; सुरुवातीची घाई कोणाची, यावरून त्यांचे तेरा निरोप. एकाने नुसता अंगठा पाठवला. आणि घड्याळबाईचे उत्तर शनिवारी सकाळी ठीक सात वाजता: ‘लय. लय. लय. दुसऱ्या व्हायोलिनांनी अजून मोकळं वाजवावं, बारीक ऐकू येतात. बाकी गुरुवारी.’

बस्स. आणखी काही नाही. अठ्ठावीस माणसे बसमध्ये, रस्त्यावर, मोरीपाशी कानात तोच एक आवाज घालून हिंडली आणि त्या गर्दीत प्रत्येकजण फक्त स्वतःला शोधून परत आला.

रविवारी बाबांकडे जाताना तिची पावले हलकी होती. निभावले! घासून गेले, पण लागले नाही. तिने चहा ठेवला आणि सगळे निरोप हावभाव करून वाचून दाखवले. ढोलवाल्याचा तर नाक फेंदारून. बाबा हसले. पहिल्या व्हायोलिनांच्या भांडणाला तर टेबलावर थाप मारून हसले. मग म्हणाले, “पुढे?”

“पुढे काही नाही. एवढंच.”

“माझ्याबद्दल?”

“कोणीच काही नाही. कळलंच नाही कोणाला!”

तिने ही बातमी बक्षीस दिल्यासारखी दिली होती. पण बाबांच्या चेहऱ्यावरचे हसू असे उतरले, जसे एखाद्या खोलीतून माणसे जातात. एकदम नाही, एकेक करून. शेवटी खोली तेवढी राहिली.

“कोणालाच नाही,” ते म्हणाले.

“बरंच झालं की, बाबा.”

“एक वर्ष अकरा महिने माझा जीव टांगणीला. दर गुरुवारी दाराशी पोचलो की वाटायचं, आज कळणार. गज केसभर वर धरायचा म्हणून श्वासही मोजून घेतला. आणि इथे कोणी शोधतच नव्हतं.” त्यांनी कप बशीवर सरळ केला. “मी नसलो तर कुठे भोक पडत नाही, हे मला माहीत नव्हतं गं. मला वाटत होतं, मी ते झाकतोय.”

तिला जे जे सुचले ते ते बोलण्याआधीच फिके वाटले. काकांना कळले होते, असे म्हणावे तर तो त्यांचा मित्र. मला कळले, असे म्हणावे तर एक वर्ष अकरा महिने उशिरा. खिडकीखालून कोणीतरी चाकांची पिशवी ओढत गेले. फरशीच्या प्रत्येक सांध्यावर चाके अडखळत होती.

बाबांनी फोन उचलला. घड्याळबाईचा नंबर त्यांना पाठ होता. ऐकू कमी येते म्हणून त्यांनी आवाज मोठा केला आणि फोन तोंडासमोर आरशासारखा धरला.

“बोला. दोन मिनिटं आहेत,” घड्याळबाई म्हणाली.

“मी वाजवत नाही.”

“म्हणजे? सोडताय?”

“म्हणजे एक वर्ष अकरा महिने वाजवत नाहीये. गज तारेवर टेकत नाही. नुसता फिरवतो.”

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

“आणि तेवढे महिने मी दुसऱ्या व्हायोलिनांच्या नावाने शंख करतेय, मोकळं वाजवा म्हणून.”

“हो.”

“म्हणजे त्या कुलूपवाल्याच्या नावाने. एकट्या.”

“हो. त्याचा खांदा गेलाय.”

“मला हे अजिबात आवडलेलं नाही.”

“आवडावं म्हणून सांगितलं नाही,” बाबा म्हणाले.

“आजच का सांगताय? कोणी पकडलं?”

“कोणीच नाही. म्हणूनच.”

पलीकडे खुर्ची सरकली. मग घड्याळबाईचा आवाज आला, वर्गात फळ्याकडे वळून बोलावे तसा. “कुठली बोटं?”

“अनामिका आणि करंगळी.”

“पहिली दोन?”

“ती अजून माझं ऐकतात.”

“मग दोन बोटांत आणि मोकळ्या तारेवर जेवढं येतं तेवढंच वाजवायचं. बाकी खोडा. पेन्सिलीने. आणि जिथे खोडलंय तिथे गज मांडीवर. हवेत नाही, मांडीवर. सगळ्यांना दिसेल असा.”

बाबांनी खिडकीकडे पाहिले. “सभागृहात? लोकांना दिसेल.”

“दिसू दे. जे वाजवाल ते ऐकूही येईल. गुरुवारी पावणेसहाला या, तालमीच्या आधी, एकटे. मी ऐकेन. चांगलं लागलं तर खुर्ची तुमची. नाही तर नाही, तुम्ही एकतीस वर्षं असा नाही तर एकसष्ट.” मग ती म्हणाली, “मलाही कळायला हवं होतं.” आणि फोन ठेवला.

बाबांनी फोन टेबलावर ठेवला. मग उठले, कपाटातून स्वरलिपीची पाने आणली, टेबलावर पसरली, कडा जुळवल्या. पेन्सिल निवडायला त्यांना वेळ लागला. ते खोडू लागले. हात नकाशावाल्याचा होता. प्रत्येक नको असलेल्या सुरावर एक सरळ, बारीक, आडवी रेघ, कुठेही गिचमीड नाही. हा नाही. हा नाही. हा येईल. हे तिन्ही नाहीत. ती शेजारी बसून बघत होती. पहिल्या पानावर साठ-सत्तर सुरांतले अकरा उरले. दुसऱ्यावर नऊ. त्या आठ एकट्या ओळींच्या पानापाशी त्यांची पेन्सिल थबकली, दोनदा पुढे गेली, मागे आली. मग त्यांनी तिथेही रेघा ओढल्या, आणि चार सूर उरले, एकमेकांपासून इतके दूर की त्यांना ओळ म्हणायला धीर लागावा.

“फार थोडे आहेत,” ती न राहवून म्हणाली.

“आहेत ते आहेत.”

त्यांनी पेटी उघडली. गजाच्या केसांना राळ घासताना पांढरी भुकटी जाकिटावर सांडली, ती झटकली नाही. व्हायोलिन खांद्यावर घेतले, हनुवटी टेकवली, आणि पहिल्या उरलेल्या सुरावर गज ठेवला. वर नाही, तारेवर. दाबून.

आवाज करवतीसारखा निघाला. मध्येच फाटला, पुन्हा सांधला, आणि शेवटी खरखरत विझला. शेजारच्या घरातला रेडिओ क्षणभर थांबल्यासारखा वाटला.

बाबांनी गज मांडीवर ठेवला आणि तिच्याकडे पाहिले. “कसा आहे?”

“वाईट.”

“हो ना?” त्यांचे डोळे चमकले. “चांगलाच वाईट आहे. सरक जरा, पानावर उजेड येऊ दे.”